दोन अल्बिनोंची तपकिरी पिल्लं

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बोआ सापांच्या रंगांवरचा लेख वाचला. पानभर चित्रं, गुळगुळीत कागद, ठसठशीत मथळा. पानाची मांडणी करणाऱ्यांचं मनापासून अभिनंदन. मजकुराबद्दल मात्र तसं म्हणवत नाही, आणि ते सौम्य शब्दांत सांगता यावं म्हणून मी मध्ये एक रात्र जाऊ दिली आहे.

किरकोळ चुकांकडे मी एरवी काणाडोळा केला असता. पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात असं एके ठिकाणी छापलंय. बोआची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. पण जाऊ द्या. अल्बिनो बोआ 'पांढराशुभ्र' असतो असंही म्हटलंय. अल्बिनोमध्ये फक्त मेलॅनिन, म्हणजे काळं-तपकिरी रंगद्रव्य, नसतं. पिवळ्या-तांबड्या रंगपेशी जागच्या जागी असतात, त्यामुळे तो केशरी, पिवळा, गुलाबी असा काहीतरी दिसतो आणि डोळे लालसर असतात. शेजारच्या मोठ्या चित्रात पांढराफेक साप आहे आणि त्याचे डोळे निळे आहेत. तो अल्बिनो नाही. तो बोआसुद्धा नाही! वरच्या ओठावर खळग्यांची रांग स्वच्छ दिसते आहे. बोआ कॉन्स्ट्रिक्टरच्या ओठावर असे खळगे दिसत नाहीत. तो बॉल पायथन आहे, पार आफ्रिकेतला. बोआ अमेरिकेतला. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे, तेवढा तरी चित्र निवडताना आडवा यायला हवा होता.

पत्र लिहायला बसवलं ते तिसऱ्या स्तंभातल्या एका वाक्यानं. 'अल्बिनो नर आणि अल्बिनो मादी एकत्र ठेवली की सगळी पिल्लं अल्बिनोच होतात, इतकं हे सोपं आहे.' इतकं हे सोपं आहे! लेखकमहाशयांना माझं निमंत्रण आहे. येऊन माझ्याकडची पिल्लं बघून जा.

माझी अल्बिनो मादी मी एका विक्रेत्याकडून घेतली तेव्हा ती जेमतेम हातभर होती. नर पुढे त्याच माणसाकडून घेतला. घेताना स्पष्ट विचारलं होतं, दोघं एकाच वंशाचे ना? कारण अल्बिनो बोआंमध्ये काहल आणि शार्प असे दोन वंश फार वर्षांपासून प्रसिद्ध आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं. तो म्हणाला, "दोन्ही काहल. डोळे मिटून जोडी लावा." पावतीवर नुसतं 'अल्बिनो' लिहिलं. वंशही लिहा म्हटलं तर हसला. "अहो, पिवळा तो पिवळा. त्यात काय वंश बघायचा?"

बोआची मादी जुळवण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं जातात, आणि घाई करणाऱ्याची मादी हातची जाते. मी थांबलो. मग जोडी लावली. मादीचं स्त्रीबीज सुटल्यावरची कात पडली की तिथून साधारण साडेतीन महिने मोजायचे. तेवढा काळ मादी एका कुशीवर वळून गरम कोपऱ्यात पडून असते, बहुतेकदा खातही नाही आणि आपल्यालाही धड जेवू देत नाही. शेवटी व्याली. झाकण उघडलं तर आत एकूण एक पिल्लू तपकिरी. पाठीवर गडद खोगिरं, तांबूस शेपट्या, डोळे काळेभोर. केशरी पिल्लू औषधालाही नाही. पिल्लं तशी देखणी होती हो, जंगलातल्या बोआपेक्षा रेसभर कमी नाहीत. पण आई पिवळी, बाप पिवळा आणि वेत तपकिरी!

यात जादू काही नाही. मेलॅनिन तयार व्हायला शरीरात एकामागून एक बऱ्याच पायऱ्या पार पडाव्या लागतात. त्यातली कुठलीही एक मोडली तरी काळा रंग तयार होत नाही आणि वरून साप अल्बिनोच दिसतो. काहल वंशात एका जनुकात बिघाड आहे, शार्प वंशात निराळ्याच जनुकात. दोन्ही बिघाड अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच बिघाड आला तरच तो दिसणार. काहल आईकडून पिल्लाला शार्पच्या जागचं धड जनुक मिळतं, शार्प बापाकडून काहलच्या जागचं धड जनुक मिळतं. दोन्ही पायऱ्या शाबूत, मेलॅनिन भरपूर, पिल्लू तपकिरी. पाळणारे अशा पिल्लाला 'डबल हेट' म्हणतात: दोन्ही बिघाड अंगात आहेत, पण बाहेर एकही दिसत नाही.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर आजही तोंडपाठ आहे. "तुमच्या मादीला दुसरा नर लागला असणार. सापाच्या माद्या नराचं बीज साठवून ठेवतात, वाचलं नाही का कुठे?" वाचलं होतं, साठवतातही. पण साठवायला आधी भेटावं तर लागतं! हातभर असल्यापासून ती माझ्याकडे एकटी वाढली, घरात दुसरा नर कधी नव्हता. तरी म्हटलं, माणूस आरोप करतोच आहे तर निवाडाही होऊन जाऊ दे. त्या वेतातली एक तपकिरी मादी वाढवली आणि पुढे बापाशी जुळवली. बाप खरंच दुसरा कोणी असता तर तिच्यात या नराचा बिघाड असायचं कारण नव्हतं आणि सगळी पिल्लं पुन्हा तपकिरी झाली असती. साधारण निम्मी पिवळी-केशरी झाली. फोटो त्या विक्रेत्याला पाठवले. पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. अजून वाट बघतो आहे.

आता यापुढचा घोळ बघा, म्हणजे मी एवढा का तापलोय ते कळेल. दोन डबल हेट एकत्र केले तर सोळांत सरासरी सात पिल्लं अल्बिनो होतात. त्यांतली तीन काहल, तीन शार्प आणि एक दोन्ही. नुसतं बघून कुठलं कुठलं हे छातीठोक सांगेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. ती सातही 'अल्बिनो' म्हणून बाजारात जातात आणि चार वर्षांनी आणखी कोणीतरी झाकण उघडून तपकिरी वेताकडे बघत बसतो. माझ्या तपकिरी पिल्लांना 'शंभर टक्के हेट अल्बिनो' म्हणून गिऱ्हाईक होतं. शब्दाला शब्द खरं आणि अर्थानं सरळ फसवणूक. मी ती फक्त हौसेनं पाळणाऱ्यांना दिली, दोन्ही वंशांची नावं कागदावर लिहून. त्यांनी तो कागद जपून ठेवला असेल अशी आशा आहे. आणि तुमच्या लेखात वंश हा शब्द एकदाही नाही!

लेखात नावांची यादी मात्र रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डासारखी उतरवून काढली आहे. सनग्लो, स्नो, घोस्ट, मूनग्लो. सनग्लो म्हणजे काळा रंग कमी असलेला हायपो अधिक अल्बिनो, स्नो म्हणजे अल्बिनो अधिक तांबडा रंग नसलेला अ‍ॅनरी, घोस्ट म्हणजे हायपो अधिक अ‍ॅनरी, आणि मूनग्लो म्हणजे तिन्ही एकत्र, एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. 'चिकाटी असेल तर कोणीही मूनग्लो काढू शकतो' म्हणे. अल्बिनो आणि अ‍ॅनरी दोन्हींचे हेट असलेले दोन हायपो एकत्र केले तर 64 पिल्लांत सरासरी तीन मूनग्लो पडतात. उरलेल्या एकसष्टांचं करायचं काय, हेही त्या चिकाटीवाल्यांना सांगा. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा लागतो, प्रत्येकाला उंदीर लागतो, आणि त्यातल्या माद्या पुढे दोन मीटरच्या वर जातात. मॉटली नक्षीचा उल्लेख आहे, पण दोन मॉटली एकमेकांशी जुळवू नयेत हे नाही. दोन्हीकडून मॉटली जनुक मिळालेली पिल्लं सहसा फार जगत नाहीत, हा पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. माझ्या मते पानावर हेच सगळ्यात मोठ्या टाइपात यायला हवं होतं.

चौकटीत 'नराशिवाय पिल्लं!' असा चमत्कारही छापलाय. तो प्रकार खरा आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जाहीर केलेली ती मादी, तिच्या दोन वेतांतली 22 पिल्लं, सगळ्या माद्या. पण मुख्य मुद्दा चौकटीबाहेरच राहिला: हे कळलं ते रंगावरून. ती मादी कॅरमेल नावाच्या दुर्मीळ, अप्रभावी रंगाची होती. आसपासच्या नरांत तो रंग नव्हता, तरी सगळी पिल्लं कॅरमेल निघाली. तिथून शंका आली आणि मग जनुकीय तपासणी झाली. रंगावरच्या लेखात रंगाचं खरं काम दाखवणारी एकमेव गोष्ट हाताशी होती, तीच गाळली. वर त्या पिल्लांची लिंगगुणसूत्रं 'डब्ल्यू-डब्ल्यू' असल्याचं छापलंय. तेव्हा तसं वाटलं होतं खरं. 2017 मध्ये बोआंत एक्स-वाय पद्धत असल्याचं दाखवून झालं, म्हणजे आईकडून दोन एक्स मिळालेली पिल्लं साहजिकच माद्या. ही बातमी तुमच्या पुरवणीपर्यंत पोचायला अजून वेळ आहे असं दिसतं.

लेखाखाली 'पुढील रविवारी: घरच्या घरी पैदास' असं जाहीर केलंय. हात जोडून विनंती आहे, तो भाग छापण्याआधी बोआ पाळलेल्या एखाद्या माणसाला दाखवा. मला नका दाखवू, मी तिरसट आहे हे एव्हाना कळलंच असेल. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य आहेत, त्यांना विचारा. निदान इतकं छापा की जोडी लावण्याआधी दोन्ही सापांचे आईबाप कोण ते लेखी मागा, आणि नवा साप आणला की तो काही महिने जुन्यांपासून वेगळा ठेवा. बोआंमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज नावाचा विषाणूचा आजार आहे. वरून ठणठणीत दिसणारा सापही तो घेऊन येऊ शकतो, त्यावर औषध नाही, आणि रंग कितीही दुर्मीळ असला तरी तो आजार काही सूट देत नाही.

जाता जाता एक, विषय वेगळा आहे. मागे मी सापांच्या खाद्यावर आपल्याला पत्र पाठवलं होतं. त्यात 'बोआला जिवंत उंदीर देऊ नये' असं होतं. आपण जागेअभावी ते कापलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कापताना 'नये' गेलं आणि छापून आलं 'बोआला जिवंत उंदीर देऊ'. माझ्या नावानिशी! खुलाशासाठी दोनदा लिहिलं, अजून पत्ता नाही. बरेच दिवस ओळखीचे लोक विचारत होते, कधी देताय म्हणून.

हे पत्र लांबलंय, कल्पना आहे. कापायचंच झालं तर बॉल पायथनचा परिच्छेद काढा. 'नका', 'नाही' आणि 'नये' तेवढे राहू द्या.

कळावे,
आपला एक नियमित वाचक