आवाजाचे नाव आणि फाइलचा पत्ता

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील, प्रोग्रॅम लिहून संगीत करण्याविषयीचा लेख आवडीने वाचला. आजच्या ऑडिओ लायब्रऱ्यांमुळे, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या तयार कोडच्या संचांमुळे, आवाज वाजवणे हे एका ओळीचे काम झाले आहे, असे त्यात म्हटले आहे आणि ते खोटे नाही. मात्र त्या एका ओळीत दोन कामे दडलेली असतात: आवाज मेमरीत आणणे आणि त्याला नावाने हाक मारणे. मी स्वतः अशी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा ही दोन कामे एकमेकांत मिसळल्यामुळेच आलेल्या असतात.

फाइल डिस्कवर जेवढी दिसते तेवढीच जागा ती मेमरीत घेईल, असे नवशिक्यांना वाटते. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनिलहरीची क्षणाक्षणाला घेतलेली मापे), प्रत्येक नमुना दोन बाइटचा आणि चॅनल दोन, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि मिनिटाला साधारण दहा एमबी होतात. हाच आवाज १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्रीत मिनिटाला एक एमबीच्या आत बसतो. परंतु वाजवण्यापूर्वी तो उलगडावा लागतो, आणि अनेक लायब्रऱ्या प्रत्येक नमुना चार बाइटमध्ये ठेवत असल्यामुळे डिस्कवर दहा एमबीही न भरणारे दहा मिनिटांचे पार्श्वसंगीत मेमरीत दोनशे एमबीहून अधिक जागा अडवून बसते. म्हणूनच पायगेम या, पायथन भाषेत खेळ लिहिण्याच्या लायब्ररीने ‘साउंड’ आणि ‘म्युझिक’ असे दोन मार्ग वेगळे ठेवले आहेत. पहिल्यात आवाज पूर्ण मेमरीत येतो, दुसऱ्यात तो वाजता वाजता फाइलमधून थोडा थोडा वाचला जातो. याच्या उलट चूक म्हणजे बटण दाबल्यावर फाइल उघडायला धावणे. ध्वनियंत्रणा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या गतीने एका वेळी २५६ नमुने मागत असेल, तर ते पुरवायला सव्वापाच मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात डिस्ककडे जाऊन येणे हा जुगार आहे, आणि तो हरल्याचे कानाला लगेच कळते.

नावांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. टायडल सायकल्स या, मैफलीत कोड टाइप करून संगीत वाजवण्याच्या प्रणालीमध्ये फोल्डरचे नाव हेच आवाजाचे नाव असते आणि आतल्या फाइलींना अक्षरक्रमाने शून्यापासून क्रमांक मिळतात. चालू मैफलीत भराभर टाइप करणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. पण वर्णक्रमात आधी येणारी एखादी नवी फाइल त्या फोल्डरमध्ये पडली की मागच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात, आणि काल जिथे ढोल वाजला तिथे आज झांज वाजते. एररही येत नाही, कारण क्रमांक फाइलींच्या संख्येपलीकडे गेला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सॉनिक पाय या तशाच दुसऱ्या प्रणालीने नावांचा मार्ग पत्करला आहे. त्यात तबल्याचे ध्वनिमुद्रित तुकडे ‘तबला_ना’, ‘तबला_घे१’, ‘तबला_तुन१’ अशा धर्तीवर, अर्थात रोमन लिपीतील नावांनी, ठेवलेले आहेत. आधी वाद्य, मग बोल, शेवटी पाठभेदाचा आकडा, हा क्रम मला अनुकरणीय वाटतो. ‘तबला’ एवढे टाइप केले की पुढचे सगळे बोल यादीत समोर येतात.

माझी स्वतःची फजितीही सांगतो. मी हौसेने फाइलींना देवनागरी नावे दिली होती. ‘वाऱ्याची_झुळूक’ ही फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होती, कोडमध्ये तेच नाव होते, तरी झुळूक काही ऐकू येईना. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर दोन्ही नावांचे बाइट छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिता येते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे जोडचिन्ह देऊनही लिहिता येते. माझा कीबोर्ड एक रीत पाळत होता, सहकाऱ्याचा दुसरी, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या रीती एकसारख्या करण्याची प्रक्रिया) या दोन रीती एक करत नाही. रोमन नावांतही लहान-मोठ्या लिपीचा घोळ असतोच. विंडोजवर चालणारे नाव लिनक्सवर अडते. पण तो निदान डोळ्यांना दिसतो.

खरी चूक मात्र कीबोर्डची नव्हती. फाइल सापडली नाही तर लायब्ररीने मुकाट्याने रिकामा आवाज परत करावा, असे मीच ठरवले होते. चित्र गायब झाले तर पडद्यावर भोक दिसते. आवाज गायब झाला तर उरते ती शांतता, आणि ती तर संगीतात हक्काने येत असते.

आता मी एक साधी तक्ता-फाइल ठेवतो. तीत एका बाजूला कोडमध्ये वापरायचे नाव, दुसऱ्या बाजूला फाइलचा पत्ता, आणि तो आवाज आधीच पूर्ण लोड करायचा की वाजता वाजता वाचायचा याची नोंद असते. फाइलींच्या नावांत फक्त लहान लिपीतील रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर. ‘१०’ हा ‘२’च्या आधी लागू नये म्हणून ‘०२’ असे लिहायचे. तक्त्यातली एखादी फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. सुरुवातीला चार-दोन सेकंद जास्त लागतात, ते मला चालतात. मैफल चालू असताना प्रोग्रॅम थांबणे परवडणार नाही हा आक्षेप रास्त आहे. त्या वेळी हरवलेल्या आवाजाच्या जागी कर्कश ‘टूं’ वाजवतो.

आपल्या लेखातील उदाहरणात आवाज वाजवण्याच्या ओळीतच फाइलचा ‘सी ड्राइव्ह’पासूनचा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे, आणि फाइलचे नाव ‘फायनल२’ असे आहे. वाचक तो कोड जसाच्या तसा उतरवून घेतील, तेव्हा पुढील भागात तेवढी ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक प्रोग्रॅमर वाचक