करंगळीची बातमी

वेंगुर्ले,
श्रावण संपता संपता

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार. माझा हात कापल्याची बातमी मुंबईपर्यंत पोचली, हे तुझ्या फोनवरून कळलं. हात शाबूत आहे. हे पत्र त्याच हाताने लिहितोय. अक्षर आधीपासूनच वाईट.

नारळ सोलताना करंगळीच्या मुळाशी कट्ट झालं. एवढ्याशा जोराने हाड मोडलंच कसं, असं डॉक्टर विचारत होते. एक्स-रेत हाड आतून पोकळ, कड पातळ झालेली, मधे पांढरे ठिपके. एनकोंड्रोमा, म्हणजे हाडाच्या आत वाढलेली कूर्चेची साधी गाठ. हाताच्या हाडांत सुरू होणाऱ्या गाठींत हीच सगळ्यात जास्त आढळते. वर्षानुवर्षं गप्प असते आणि पुष्कळदा हाड मोडल्यावरच कळते. ‘ट्यूमर’ ऐकल्याबरोबर आईने सातेरीला नवस बोलून टाकला.

आधी हाड जुळू दिलं, मग कोल्हापूरला ऑपरेशन. फक्त हात बधिर केला होता, मी टक्क जागा. हाडाला छोटी खिडकी पाडून, शहाळ्यातली मलई काढावी तशी आतली गाठ खरवडून काढली आणि मनगटाजवळच्या हाडाचा चुरा पोकळीत भरला. काही सर्जन काहीच भरत नाहीत, तरी हाड हळूहळू भरून येतं म्हणे. मग मनगटालाही टाके कशाला, हे मी विचारलंच. माझं हाड फारच पातळ झालं होतं, म्हणून.

तपासणीला पाठवलेला तुकडा साधाच निघाला. पण एक गंमत ऐक. हाताच्या बोटांतली ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा असते त्यापेक्षा भयंकर दिसते. म्हणून रिपोर्ट एक्स-रेशेजारी ठेवूनच वाचायचा असतो. नुसता कागद हातात आला असता तर आमच्या घरात रडारड झाली असती. एकापेक्षा जास्त हाडांत गाठी असत्या तर मात्र कायम लक्ष ठेवावं लागलं असतं, कारण त्यांतली एखादी पुढे कॅन्सरकडे वळू शकते. माझी एकटीच. ती परत उगवण्याची शक्यता कमी, तरी अधूनमधून एक्स-रे काढायचाच.

खरा वैताग आता आहे. हाडावरून जाणारा स्नायूचा दोर जखमेला चिकटला की बोट ताठच राहतं, म्हणून दुखलं तरी वाकवत राहायचं. मूठ अजून पुरती मिटत नाही. चतुर्थीच्या भजनात पखवाज यंदा पुतण्याकडे. लयीत धावतो मेला, पण सांगणार कोण? मी झांज धरेन.

येताना मुठीत दाबायचा मऊ रबरी बॉल आण. इथे मिळतात ते सगळे क्रिकेटचे.

तुझा,
दाजी