पाणपोईबरोबर नळही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो. पाचवा उद्गार अगदी लहान आहे: ‘मला तहान लागली आहे.’ त्यावर बोलायला उभे राहणारे बहुतेक जण दोन मिनिटांत ती तहान आत्म्याची करून टाकतात. मी सारी नोकरी परिचारिका म्हणून केली. अंगातले रक्त गेलेला माणूस कसा पाणी मागतो, त्याची जीभ टाळूला कशी चिकटते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिले आहे. प्रभूची ती तहान पाण्याची होती. आणि बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी तो जे विचारणार आहे, त्यात भुकेल्याच्या पाठोपाठ तान्हेलाच येतो.

मी मालाडला राहते. मालवणीच्या टोकाला, खाडीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये आमच्या महिला मंडळाचे जाणे-येणे आहे. तिथल्या अनेक गल्ल्यांत आजही महापालिकेचा नळ नाही. पाणीवाला मोटर लावून पाइप फिरवतो आणि पस्तीस लिटरच्या कॅनला वीस रुपये घेतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हिशेब करा: हजार लिटरला साडेपाचशेच्या वर पडतात. महापालिका झोपडपट्टीतल्या अधिकृत जोडणीला हजार लिटरमागे पाच-सहा रुपयांच्या आसपास आकारते. म्हणजे मुंबईत पाण्याला सगळ्यांत जास्त पैसे मोजते ती ज्या बाईच्या हाती सगळ्यांत कमी पैसे येतात तीच. पाणी कधी रात्री येते, कधी पहाटे. ते भरायला थांबायचे म्हणून कामावरचा खाडा होतो, मुलींची शाळा बुडते. तरण्या बायकांच्या कमरा गेलेल्या, कावीळ आणि जुलाब पावसाळाभर घरोघरी. तपासायला बसले की औषधाआधी मला विचारावे लागते, ‘पाणी कुठले पिता?’

हे लोक मुंबईवरचा भार आहेत, असे आपल्या पत्रव्यवहारात अधूनमधून वाचायला मिळते. त्यांच्यातल्याच बायका आपल्या सोसायट्यांत पोळ्या लाटतात, त्यांचे पुरुष आपल्या फाटकावर रात्रपाळी करतात, कंत्राटावर आपला कचरा उचलतात. तानसा, वैतरणा, भातसाचे पाणी आपल्या टाकीत चढते, आणि त्याच टाकीच्या पाण्याने आपली भांडी घासून ती बाई घरी गेल्यावर रिकामा हंडा घेऊन रांगेत बसते.

आता कायद्याचे. वस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या पाणी हक्क समितीच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला. १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्या बेकायदा असल्या तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पिण्याचे पाणी येते. दर जास्त लावा, सार्वजनिक नळ द्या, पण द्या, असा त्याचा आशय. पुढे मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केले. या जोडणीने झोपडीला किंवा जमिनीला कोणताही हक्क मिळत नाही, हेही धोरणात आहे. मग अडते कुठे? घरांचा गट करून, कागद जोडून बायका वॉर्ड ऑफिसला जातात आणि उत्तर येते: जमीन वनखात्याची आहे, जिल्हाधिकाऱ्यांची आहे, केंद्राची आहे, त्यांचे ना हरकत पत्र आणा. ते पत्र कोणत्या टेबलावर मिळते, हे कुणी सांगत नाही.

हा अनुभव आमच्या लोकांना नवा नाही. मंडळीतल्या कितीतरी घरांची मुळे नगर, जालना, बीडकडच्या महारवाड्या-मांगवाड्यांत आहेत. पुष्कळ जण बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आले. माझ्या आजीला विहिरीवर हात लावायची मुभा नव्हती, कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले, आणि उच्च न्यायालयात निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव होता, पाणी नव्हते. मालवणीत आज निकाल आहे, धोरण आहे, पाणी नाही.

आमच्या चर्चचे म्हणाल, तर मे महिन्यात पाणपोई लागते, नाताळात चादरी वाटल्या जातात, फोटो निघतात. वाटप करणाऱ्यांची कळकळ खरी असते, आणि तान्हेल्याला पेला द्यावाच. पण ज्या कार्यालयामुळे माणूस तहानेला राहतो, तिथे चर्चचे लेटरहेड कधी पोचत नाही. बायबलातला आमोस संदेष्टा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची फळे गोळा करणारा. तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हे देवाचे शब्द त्याने सांगितले ते नेमाने उपासना करणाऱ्या लोकांना. आम्ही ते वचन वाचतो आणि लगेच पुढचे गीत घेतो.

काही वडीलधारे म्हणतात, चर्चने राजकारणात पडू नये. दुसरी भीती ते हळू आवाजात सांगतात: वस्तीत गेलो की धर्मांतराचा आरोप होतो. ही भीती खोटी नाही. हल्लीच्या वातावरणात ती मलाही वाटते. पण त्या रांगेत मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, हिंदू आहेत, आपलेही आहेत. सगळ्यांच्या नावाने, सगळ्यांबरोबर उभे राहून नळाचा अर्ज द्यायला कुणाच्या बाप्तिस्म्याची गरज पडत नाही. जी माणसे हे काम वर्षानुवर्षे करत आहेत, त्यांच्या मागे आपण उभे राहायचे, आपली वेगळी पाटी लावायची नाही.

महापालिकेला माझी विनंती आहे, की जमीनमालक खात्याच्या हरकतीमुळे अडलेल्या अर्जांची यादी वॉर्डनिहाय जाहीर करावी, कोणत्या खात्याकडे आणि कधीपासून हे त्यात असावे. आणि ना हरकत पत्र आणण्याचे काम अर्जदार बाईवर न टाकता प्रशासनाने स्वतः करावे. एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्याला पत्र लिहायचे, एवढेच ते आहे. तोवर त्या गल्ल्यांच्या तोंडाशी सार्वजनिक नळ द्यावा. न्यायालयाने तो मार्ग दाखवलेलाच आहे.

आमच्या महिला मंडळाने याच आशयाचे निवेदन लिहिले आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यावर सह्या घेऊ आणि वस्तीतल्या बायकांबरोबर ते वॉर्ड ऑफिसात देऊ. मुंबईतल्या इतर मराठी मंडळ्यांनी आणि कॅथलिक धर्मग्रामांनीही आपापल्या वॉर्डात अशी निवेदने द्यावीत. पाळकांनी त्यावर पहिली सही करावी.

– एक निवृत्त परिचारिका, मालाड (पश्चिम), मुंबई