गाडी उचलण्याआधी कायदा वाचा

महोदय,
रस्ते मोकळे करण्यासाठी फेरीवाल्यांना सरसकट हटवा, अशी मागणी करणारे पत्र याच सदरात वाचले. चालायला जागा हवी, हे खरेच. महाद्वार रोडवर सणासुदीला मीही धक्के खातो. आक्षेप आहे तो 'सरसकट' या शब्दाला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. याच कायद्याने नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले असावे लागतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी मेथी-पोकळ्याची पाटी घेऊन बसतात. नवऱ्याची फौंड्रीतली नोकरी सुटल्यापासून घर त्या पाटीवर चालते. पहाटे उसन्या पैशांतून भरलेला माल दुपारी उचलला गेला, की दंडापेक्षा ते उसने फेडणे जड जाते.

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. त्याच महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. धंदा चालावा म्हणून राजाच गिऱ्हाईक झाला! महापालिकेने निदान जागा आखून द्याव्यात, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करावी व समितीच्या बैठकांचे इतिवृत्त लोकांसमोर ठेवावे.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर