भाड्याच्या घरांचा कारभार पाहणाऱ्या स्त्रियांचाही गौरव व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिना आला की बांधकाम आणि स्थावर मालमत्ता क्षेत्रातील कर्तबगार स्त्रियांना पुरस्कार दिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येऊ लागतात. त्यांत बांधकाम कंपन्यांच्या संचालिका असतात, वास्तुविशारद असतात, गृहकर्ज विभागातील अधिकारी असतात. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे. मात्र ज्यांच्या जिवावर आपल्या शहरांतील भाड्याच्या घरांचा व्यवहार चालतो, त्या स्त्रिया या याद्यांमध्ये मला जवळजवळ कधीच दिसल्या नाहीत, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पुण्यातील सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली असंख्य मुले-मुली ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीतील एकेक खाट भाड्याने घेऊन, राहतात. यातील कितीतरी घरांत मालक म्हणून नाव पुरुषाचे असते. पण कोणाचे भाडे राहिले आहे, टाकीतले पाणी किती वाजता संपते, कोणत्या मुलीला ताप आहे आणि तिच्या गावी कोणाला फोन करायचा, हे घरातल्या बाईलाच माहीत असते. वाकड-हिंजवडीपासून डोंबिवली-खारघरपर्यंत दुचाकीवर किल्ल्यांचे जुडगे घेऊन दिवसभर फ्लॅट दाखवणाऱ्या एजंट महिला आहेत. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यापासून लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र पिशवीत घालून घरोघरी जाणाऱ्या स्त्रियांचा एक नवा वर्गच तयार झाला आहे. भाडेकरू कामावरून उशिरा येतो, म्हणून रात्री नऊ वाजता अनोळखी घराची बेल वाजवणे हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांतील रेक्टर तर चोवीस तास कामावर असल्यासारख्याच असतात. आपल्या राज्यातील भाड्याच्या घरांचे क्षेत्र मुख्यतः या चौघींचे आहे, आणि यांपैकी एकीच्याही कामाला आपल्याकडे धड व्यवसाय मानले जात नाही.

मी एका गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून काही वर्षे काम केले, त्यामुळे भाड्याचे व्यवहार जवळून पाहिले. हे काम म्हणजे केवळ घर दाखवून दलाली घेणे, असा जो समज आहे तो अत्यंत अन्यायाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळासाठी जागा वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. शिवाय मुद्रांक शुल्काचा हिशेब, पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, सोसायटीला द्यायची सूचना हे सारे आलेच. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ती रक्कम, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा निर्णय २००१ पासून आहे, तरी तो सोसायटीच्या समितीला ऐकवण्याचे धैर्य अंगी लागते. आमच्या समितीला हा निर्णय प्रथम दाखवला तो एका एजंट महिलेने, आपल्या भाडेकरूच्या मालकासाठी वाद घालताना. तिचे शिक्षण बारावीपर्यंतचे होते आणि कायद्याची ही सर्व माहिती तिने काम करता करता मिळवली होती.

असे असूनही या कामाला अधिकृत ओळख जवळपास नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु रेरा कायद्यातील एजंटाची व्याख्या नोंदणीकृत प्रकल्पांतील घरांच्या विक्रीपुरती आहे. केवळ भाड्याचे काम करणारी बाई त्या चौकटीच्या बाहेरच राहते. तिच्याकडे दाखवायला प्रमाणपत्र नसते, आणि व्यवहार जमल्यावर तिला डावलून मालक व भाडेकरू परस्पर भेटले, तर दाद मागायलाही जागा नसते. पुरस्काराची मागणी मी करते ती या पार्श्वभूमीवर. नाव जाहीरपणे घेतले गेले की बँकेत, पोलीस ठाण्यात आणि सोसायटीच्या कार्यालयात त्या व्यक्तीशी बोलण्याची रीत बदलते, हा अनुभव इतर क्षेत्रांतील स्त्रियांनी घेतलेला आहे.

हे पुरस्कार द्यायचे झाले, तर निकष काय असावेत, हा खरा प्रश्न आहे. वर्षात किती घरे भाड्याने दिली, या आकड्यावर निवड झाली तर ती मोठ्या कार्यालयांच्याच पदरात पडेल. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालमत्ता व्यवस्थापकाची कर्तव्ये दिलेली आहेत : पावती देऊन भाडे घेणे, आवश्यक दुरुस्त्या करवून घेणे, जागेची वेळोवेळी पाहणी करणे, मालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद मिटवण्यास मदत करणे. हा कायदा राज्यांनी स्वीकारायचा आहे; तो जसाच्या तसा लागू नसला, तरी कर्तव्यांची ही यादी निवड समितीला उत्तम आधार देऊ शकते. त्यातील एकेक कलम घेऊन विचारता येईल की या बाईंनी हे केले का, आणि त्याचा पुरावा काय.

माझ्या मते सर्वांत अधिक वजन अनामत रकमेच्या परताव्याला द्यावे. भाडेकरूची खरी कसोटी आत येताना लागते, पण व्यवस्था पाहणाऱ्याची कसोटी तो बाहेर पडताना लागते. भिंतीला पडलेले खिळे, जुनाट गीझर, पडदे, रंगकाम अशी कारणे काढून विद्यार्थ्यांचे आणि नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलांचे पैसे अडवून ठेवण्याचे प्रकार इतके रूढ आहेत की अनेकजण शेवटच्या एक-दोन महिन्यांचे भाडे न देताच हिशेब चुकता करून घेतात. ज्या बाईने जागा ताब्यात देतानाच वस्तूंची यादी आणि छायाचित्रे दोन्ही बाजूंना दिली, आणि जागा सोडण्याच्या दिवशीच मालकाकडून अनामत परत मिळवून दिली, तिचे काम कोणत्याही उलाढालीपेक्षा मोठे आहे. म्हणून निवडीत आजी-माजी भाडेकरूंची लेखी साक्ष अनिवार्य असावी. केवळ मालकांच्या शिफारशींवर पुरस्कार देऊ नये.

दुसरा निकष घर नाकारण्याच्या प्रवृत्तीविषयीचा. जात, धर्म, आहार, एकटी राहणारी बाई, घटस्फोटित, ‘बॅचलर’ अशा कारणांनी घर नाकारले जाते, हे कोणापासूनही लपलेले नाही. बहुतेक एजंट मालकाची अट निमूटपणे पुढे सांगतात, कारण दलाली त्याच्यावर अवलंबून असते. पण मालकाशी बोलून, प्रसंगी ते काम सोडून, असे दार उघडून देणाऱ्या स्त्रिया आहेत. करोनाच्या काळात राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि त्या काळात कोणालाही घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. ती सूचना प्रत्यक्षात कोणी पाळली आणि कोणी सामान रस्त्यावर ठेवले, याची आठवण पेठांतील प्रत्येक वाड्यात आजही शिल्लक आहे. निवड समितीने तिथे जाऊन विचारावे.

स्त्रियांनी भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहणे ही काही नवलाची गोष्ट नाही. १८६५ मध्ये लंडनच्या मॅरिलबोन भागात समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांनी लेखक-विचारवंत जॉन रस्किन यांच्या पैशातून घेतलेल्या घरांची व्यवस्था हाती घेतली. दर आठवड्याला स्वतः भाडे गोळा करायचे, त्याच वेळी घराची अवस्था पाहायची आणि शिल्लक रकमेतून दुरुस्त्या करायच्या, अशी त्यांची पद्धत होती. त्यांची शिस्त कडक होती आणि गरीब भाडेकरूंना वळण लावण्याचा त्यांचा आग्रह आज खटकतो. पण त्यांनी या कामासाठी स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण दिले, आणि त्यातूनच १९१६ मध्ये तिथे घरव्यवस्थापक स्त्रियांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे मात्र भाडे वसूल करणारा म्हणून अजूनही चाळीचा भैया किंवा मुनीमच डोळ्यांसमोर येतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे नामांकनासाठी शुल्क आकारणे किंवा समारंभात टेबल विकत घ्यायला लावणे; असे झाले तर ज्यांच्यासाठी पुरस्कार आहे त्या दारातूनच परत जातील. दुसरी म्हणजे मानपत्रातील ‘आईच्या मायेने’ वगैरे भाषा. रात्री बंद पडलेला पंप सुरू करवून घेणे, मालकाला कायद्याचे कलम दाखवणे, चुकलेल्या भाडेकरूला मुदतीची नोटीस देणे यासाठी जे ज्ञान आणि जी निष्ठा लागते, तिचाच उल्लेख मानपत्रात यावा. फ्लॅट दाखवायला एकटीने अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या इमारतीत जाण्यातील धोकाही त्यात नमूद व्हावा, आणि ज्या कार्यालयांनी यासाठी सोबत देण्याची किंवा वेळेची मर्यादा पाळण्याची पद्धत घातली असेल, त्यांचाही स्वतंत्र गौरव व्हावा.

हे काम शासनाच्या महिला व बालविकास विभागाने, एजंटांच्या संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी एकत्र येऊन करावे, अशी माझी विनंती आहे. समितीत एक भाडेकरू प्रतिनिधी, एक ग्राहक संघटनेचा कार्यकर्ता आणि नोंदणी विभागातील एक अधिकारी असावा. समारंभ ८ मार्चलाच व्हावा असेही नाही. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना, जून-जुलैमध्ये, हजारो मुले-मुली बॅगा घेऊन खोल्या शोधत फिरत असतात, तेव्हा या स्त्रियांची नावे आणि त्यांच्या कामाची माहिती छापली गेली, तर तिचा त्या मुलांनाही उपयोग होईल. आपल्या दैनिकाने वाचकांकडून अशी नावे, भाडेकरूंच्या साक्षीसह, येत्या जूनपूर्वी मागवावीत. आमच्या परिसरातील तीन नावे, त्या तिघींची संमती घेऊन, मी पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे