सुध्या, मागून काही येत नाही

रेन, 3 जून

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "सायकल विकली रे, खुंटीला हेल्मेट तेवढं राहिलंय." हसत म्हणालास, म्हणून मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ बसून होतो. त्या टेम्पोच्या धडकेला दोन वर्षं झाली आता. खांदा बरा झाला असं तू सांगतोस आणि मी ते मान्यही करतो. पण मागून हॉर्न वाजला की चालतानासुद्धा तू रस्ता सोडतोस, हे मला वहिनींनी सांगितलंय. त्यांना ओरडू नकोस, मीच खोदून विचारलं होतं.

तर ऐक. मागच्या महिन्यात मी पाच दिवस सायकलवर होतो. रेदोंपासून कारेपर्यंत, फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांताच्या पोटातून, नाँत-ब्रेस्त कालव्याच्या काठाकाठाने. त्या पाच दिवसांत माझ्या मागून आलेली मोटार म्हणजे कालव्याच्या देखभालीची एक पांढरी व्हॅन. तीही चालण्याच्या वेगाने, आणि ड्रायव्हरने हात वर करून माफी मागितली.

या कालव्याची गोष्ट तुला आवडेल. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती, ब्रेस्त बंदराच्या गोदीत समुद्रातून माल पोहोचवणं मुश्कील झालं होतं. मग ठरलं की समुद्राला हातच लावायचा नाही, जमिनीतून पाण्याची वाट काढायची. नद्या जोडत, टेकड्या फोडत 364 किलोमीटर. काम संपेपर्यंत 1842 उजाडलं. तोवर नेपोलियन गेला, इंग्रजांशी युद्ध संपलं, आणि पुढे रेल्वे आल्यावर कालव्याची गरज कमी होत गेली. आपल्याकडच्या कुठल्या प्रकल्पाची आठवण आली ते लिहीत नाही, तुला कळलं असेलच.

आपल्या कामाचं काय, तर तो काठ. त्या वेळी नावा दोराने ओढल्या जायच्या, कधी घोडे ओढायचे, कधी माणसं. त्यांना चालायला पाण्यालगत वाट लागायची. फ्रेंच कायद्यात नाव चालणाऱ्या पाण्याच्या काठावर अशा वाटेसाठी 7.80 मीटर जागा मोकळी सोडायची अट आजही आहे. त्या वाटेवर आता सायकली, पायी फिरणारे, क्वचित घोडेस्वार. आणि नाव ओढणाऱ्या घोड्यासाठी केलेली वाट चढी कशी असणार? पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ येतो तो फक्त लॉकपाशी. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: नाव दोन दारांमध्ये कोंडायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वर किंवा खाली. तिथे वाट चार पेडल उभी होते आणि पुन्हा आडवी. अशी दोनशेहून जास्त लॉक्स आहेत, प्रत्येकाला नाव आणि नंबर, आणि शेजारी लॉकवाल्याचं छोटं दगडी घर, खिडकीत लाल जिरेनियम. काही घरांत आता कॅफे आहेत, काही नुसती बंद.

रस्ता कसला विचारशील. याला इथे 'स्ताबिलिझे' म्हणतात. तुझ्या-माझ्या भाषेत मुरूम: बारीक खडी आणि वाळू टाकून रोलर फिरवलेला. कोरडा असेल तर टायरखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो, आणि तो एकच आवाज तुझ्यासोबत दिवसभर. मी चाळीस मिलिमीटरचे टायर लावले होते, हवा जरा कमी ठेवून. ग्रॅव्हल बाईक म्हणून दुकानात जे लाखात विकतात त्याची इथे काही गरज नाही. निवृत्त आजोबा-आजी टोपली लावलेल्या साध्या सायकलींवर मला मागे टाकून गेले. (त्यांना मोटर होती. तरीही.)

पाऊस पडला की मात्र हाच मुरूम वैरी होतो. रोआं आणि पोंतिवीच्या मध्ये पंचवीसेक किलोमीटरात पन्नासच्या वर लॉक्स आहेत, पायऱ्यांसारखी एकापाठोपाठ एक, आणि नेमका तिथेच मला पाऊस लागला. ओली वाळू चेनमध्ये, ब्रेकमध्ये, दातांमध्येसुद्धा. मडगार्ड लावायचा कंटाळा केला होता, त्याची शिक्षा पाठीवर रेघ होऊन उमटली. संध्याकाळी चेनवर बाटलीने पाणी ओतलं तर खाली शिरा सांडल्यासारखा रवा जमला.

पाण्यावरून आठवलं, हे तुला सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी गावातली बेकरी बंद, आणि दुपारी बारा ते दोन बाकी सगळंच बंद. बाटल्या रिकाम्या. वाटेत भेटलेल्या एका बाईंना विचारलं, पाणी कुठे मिळेल. त्या सहज म्हणाल्या, "सिमेतिएर," आणि चर्चकडे बोट दाखवलं. कब्रस्तान! इथले सगळे सायकलवाले तसंच करतात म्हणे, कारण थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला प्रत्येक कब्रस्तानात नळ असतो. मी फाटकापाशी पाच मिनिटं उभा. आत ग्रॅनाइटचे क्रूस, नळाशेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, चिटपाखरू नाही. आपली आजी आठवली. स्मशानातून आल्यावर दारातच पाय धुवायला लावायची, आणि मी तिथूनच पाणी प्यायला निघालो होतो. शेवटी तहान जिंकली. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना एवढं पाहून घेतलं (ती असते कधीकधी, तेवढं फ्रेंच शिकून ये), बाटली भरली, आणि का कोण जाणे, बाहेर पडताना नमस्कार केला. पुढचे दोन दिवस चर्चचा कळस दिसला की मला हायसं वाटायचं.

गावांचं फार लिहीत नाही, तू येऊन बघ. मालेत्र्वात एका जुन्या लाकडी घरावर सूत कातणारी डुकरीण कोरलीय, ती चुकवू नकोस. जोसलँला किल्ल्याचे तीन बुरूज थेट पाण्यातून उठल्यासारखे दिसतात. रोआं घराणं अजून तिथेच राहतं. पोंतिवीला नेपोलियनने आपलं नाव दिलं होतं, नापोलेओंव्हिल, आणि कवायतीच्या मैदानासारखे सरळ रस्ते आखले होते. मला ते गाव रुक्ष वाटलं.

पोंतिवीच्या पुढे गेर्लेदाँचं धरण. 1923 ते 1930 मध्ये बांधलं आणि कालवाच मधून तोडला. सतरा लॉक्स पाण्याखाली गेली, घरांसकट. 2015 साली दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला, तेव्हा ती चिखलातून पुन्हा वर आली आणि लोक लांबून बघायला आले. कोयनेचं पाणी आटल्यावर जुन्या गावांच्या भिंती दिसतात ना, तसंच. तलावाला वळसा घालायला वाट एका जुन्या मीटरगेज रेल्वेच्या मार्गावर चढते. रूळ 1967 नंतर गेले, उरली ती वळणं आणि गर्द झाडी. डोंगरातली गाडी चढ हळूच घ्यायची, म्हणून सायकलीलाही तो चढ कळत नाही. मग बों रपोचा पडका मठ, आणि ग्लोमेलची खोल चर, जी 1823 पासून नऊ वर्षं कैद्यांकडून खणून घेतली. वर झाडांचा बोगदा, खाली काळं पाणी. तिथे मी बोललो नाही, कोणाशी बोलणार म्हणा.

खोटं सांगत नाही, सगळंच रम्य नव्हतं. कालव्याचे काही पट्टे इतके सरळ आहेत की तासभर एकच झाड जवळ येत राहतं. वारा पश्चिमेकडून, म्हणजे मला समोरून. आणि छोटे डांबरी रस्ते मधूनमधून वाट ओलांडतात, तिथे थांबून दोन्हीकडे बघावंच लागतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, मालेत्र्वाच्या पुढे कुठेतरी, माझ्या लक्षात आलं की मी मागे ऐकत नाहीये. तुला माहीत आहे मी काय म्हणतोय. सातारा रस्त्यावर आपण दोघं गप्पा मारायचो तेव्हासुद्धा अर्धे कान पाठीला असायचे: हा ट्रक, ही एसटी, हा कट मारणारा पोऱ्या. मान ताठ, हात ब्रेकवर. ते सगळं कधी गळून पडलं मला कळलंच नाही. एक राखाडी बगळा काठावरून उडायचा, शंभर पावलं पुढे जाऊन बसायचा, मी पोहोचलो की पुन्हा उडायचा. पाऊण तास आमचं तेच चाललं होतं, आणि मी नुसता त्याच्याकडे बघत सायकल चालवत होतो.

पुढच्या मे महिन्यात सुट्टी टाक. व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घे, उन्हाळ्यात रांग असते. रेनहून रेदोंला गाडीने पाऊण तास, लोकल गाडीत सायकल नेता येते. रोज चाळीसच किलोमीटर करू, तीसही चालतील. जेवणाचं म्हणशील तर 'काळ्या गव्हाचं' म्हणजे कुट्टूच्या पिठाचं 'गालेत' मिळतं, दिसायला आपलं घावन, चीज आणि अंडं घालून. शाकाहारी वार असला तर अंडं काढायला सांगू. परतीला कारेहून गँगाँपर्यंत छोटीशी रेल्वे आहे, तिचा प्रवास वेगळाच मजेचा.

माझ्या तळघरात एक जास्तीची सायकल आहे, मित्राची, चोपन्न सेंटिमीटरची फ्रेम. तुला होईल असं वाटतंय, पण टेपने पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजून सेंटिमीटरमध्ये कळव. बूट काढून मोज. वहिनींना टेप धरायला सांग, स्वतः वाकून मोजलंस तर चुकतं.

तुझा,
नंद्या

ता. क. हेल्मेट इथे घेऊ नकोस, महाग आहेत. खुंटीवरचंच घेऊन ये.