आधी फी भरा, शिष्यवृत्ती मागाहून

महोदय,

माझी मुलगी बी.कॉम. होऊन एका कर सल्लागाराकडे लागली आहे. दिवसभर जीएसटीची रिटर्न आणि टॅलीतल्या नोंदी. आता तिला एम.कॉम. करायचंय. शेजारीपाजारी म्हणतात, ‘त्यापेक्षा सीए कर.’ सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली हे खरं, पण त्याआधी इंटरमीजिएट या मधल्या परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटावे लागतात. तोवर पगार बंद. शिवाय तिला महाविद्यालयात शिकवायचं आहे, आणि त्यासाठीच्या सेट या पात्रता परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागतेच.

मग पैशांचं काय? शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, तीही जुन्या करपद्धतीतच. मुद्दलावर काही नाही. अर्थात कर लागण्याइतका पगार तिला आहे कुठे!

राहिली शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो म्हणून उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं असं सगळं फाईलला लावून आम्ही एका महाविद्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी फाईल उघडलीच नाही. ‘आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की बघू.’ ज्याच्याकडे फी भरायला पैसे आहेत तो दाखल्यांसाठी तहसीलच्या रांगेत कशाला उभा राहील?

मुलीने आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक काढलंय. नोकरी सुटणार नाही, हे त्यातलं मोठं सुख. तरी प्रवेशावेळी निदान हप्ते पाडून देण्याची सक्ती महाविद्यालयांवर व्हावी.

– एक पालक, सांगली